शेऱ्याचा रकाना

धरणाच्या पोटात एक बोगदा असतो, हे धरण बघायला येणाऱ्यांच्या गावीही नसतं. लोक येतात, वरच्या रस्त्यावरून चालतात, पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि निघून जातात. त्यांच्या पायांखाली, त्या भल्याथोरल्या भिंतीच्या आत, हेल्मेटवर दिवा लावून एक माणूस काटे वाचत चाललेला असतो. या धरणात तो माणूस म्हणजे निरंकभाऊ.

हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ऑफिसने ठेवलेलं. भिंतीत जिथे जिथे सांधा आहे तिथे तिथे एक लहानशी तबकडी बसवलेली आहे आणि तिच्यावर काटा. सांधा केसभर सरकला तरी काटा हलतो. अशा तबकड्या एकशे चौसष्ट. रोज दुपारी बाराच्या ठोक्याला आत शिरायचं, एकेका तबकडीसमोर उभं राहायचं, आकडा वाचायचा, नोंदवायचा, पुढे व्हायचं. आकड्याशेजारी शेऱ्याचा रकाना असतो. भेग दिसली, पाणी गढूळ आलं, गंज चढला, तर ते तिथे लिहायचं. आणि काहीच विशेष नसेल तर? तुम्ही-आम्ही रकाना सोडून देऊ. निरंकभाऊ सोडत नसत. ते लिहीत, ‘निरंक’. कागदोपत्री भाषेत ‘काही नाही’ला असं भारदस्तपणे म्हणतात.

याला कारण त्यांचे पहिले साहेब. नोकरीला लागून दोन आठवडे झाले नव्हते तोच साहेबांनी वही मागवली. तीन रकाने कोरे होते. साहेबांनी तिन्हींभोवती लाल शाईने गोल काढले.

“इथे गेला होतास का?”

“गेलो होतो, साहेब.”

“मग हे कोरं कसं?”

“लिहिण्यासारखं काही नव्हतं.”

“काही नव्हतं, एवढं तरी लिहिशील की नाही? कोरा रकाना दिसला की मी समजणार, हा माणूस तिथे पोचलाच नाही. बाहेर बसून आकडे भरले.”

हे शेवटचं वाक्य निरंकभाऊंना असं काही झोंबलं की पुढच्या तीस वर्षांत त्यांच्या हातून एक रकाना कोरा राहिला नाही. साहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले साहेबही निवृत्त झाले. लाल शाईची दौत कुठल्या कपाटात सुकून गेली ते कुणाला ठाऊक नाही. पण निरंकभाऊंच्या मानेवर ते साहेब बसलेले होते ते होतेच.

अकरा वर्षांपूर्वी वह्या गेल्या आणि हातात धरायचं यंत्र आलं. विटेएवढं, पिवळं, खाली पडलं तरी न फुटणारं. शिकवायला आलेल्या माणसाने अर्ध्या दिवसात सगळं उरकलं. आकडा टाका, शेरा टाका, ‘जतन करा’ दाबा, झालं. निरंकभाऊंनी दुसऱ्या दिवशी तसं केलं. पडद्यावर एक बारकं चाक गरगर फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. पंचेचाळीस सेकंद. पुढच्या तबकडीला पुन्हा पंचेचाळीस. चाक थांबल्याशिवाय यंत्र पुढची नोंद घेईना.

पंचेचाळीस सेकंद म्हणजे काय मोठं, असं ज्याला वाटत असेल त्याने ओल्या भिंतीसमोर एकशे चौसष्ट वेळा नुसतं उभं राहून बघावं. एवढ्या वेळात बसता येत नाही, पुढे जाता येत नाही, काही मनात धरून विचार करावा तर तो रंगात येतो तोवर चाक थांबतं. निरंकभाऊंनी पहिल्याच संध्याकाळी हिशोब मांडला होता. दोन तास तीन मिनिटं. वहीच्या काळात ते सव्वातीनला बाहेर येत. यंत्र आल्यापासून सव्वापाच वाजायला लागले. प्रगती म्हणतात ती हीच असावी, असं ते बायकोला म्हणाले होते आणि ती हसली होती.

राहायचं घर धरणाच्या पायथ्याशी, फाटकापासून दहा मिनिटांवर. दोन खोल्या, पुढे ओटा. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात, चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला. तिथे यंत्रांचा एवढा गोंगाट की बोलायची सोय फक्त चारच्या सुट्टीत, वीस मिनिटं. घरी गेली की तिचं लहान मूल तिला श्वास घेऊ देत नसे. म्हणून ती रोज चारला आईला फोन करायची. निरंकभाऊ तेव्हा बोगद्यात शंभराव्या तबकडीच्या पुढे कुठेतरी चाकाकडे बघत उभे. साडेपाचला चहाचा कप हातात आला की बायको लेकीच्या बातम्या सांगे. नातवाला दात आला, मुकादम बदलला, जिन्यावरची शेजारीण भांडली. बातम्या दीड तास शिळ्या आणि आईच्या हातून गाळून आलेल्या. पण येत होत्या. निरंकभाऊंना वाटे, आपलं लेकीशी रोजचं बोलणं आहे.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. ताप तीन दिवसांचा, धावपळ दोन दिवसांची, आणि चौथ्या दिवशी घरात कपबशी ठेवल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला. घरातलं बोलणं संपलंच, पण लेकीचंही संपलं हे त्यांना जरा उशिरा कळलं.

सुरुवातीला लेकीने चारला वडिलांना फोन लावून बघितला. बोगद्यात फोन न्यायचा नाही असा नियम आहे. फोन फाटकावरच्या राखणदाराच्या खणात ठेवून आत जायचं. हा राखणदार फार न बोलणारा. त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे बंद डबीचं झाकण नखाने उघडण्यासारखं. निरंकभाऊ सव्वापाचला बाहेर आले की तो खण उघडून फोन पुढे करी आणि म्हणे, “वाजत होता.”

असा तो पंधरा दिवस वाजला. मग राखणदार नुसताच फोन पुढे करायला लागला.

उरला मंगळवार. मंगळवारी बोगदा बंद, तेव्हा चारला निरंकभाऊ घरी असत आणि लेक फोन करी. “बरे आहात?” “बरा आहे. तू?” “बरी आहे. जेवण?” “जेवलो.” पाच मिनिटं भरायची म्हणजे दोघांच्या नाकी नऊ येत. रोज बोलणाऱ्या माणसांना बोलायला काहीही पुरतं. आठवड्यातून एकदा बोलणाऱ्यांकडे फक्त तब्येत असते. फोन ठेवल्यावर निरंकभाऊ स्वतःला बजावत, आपण सव्वातीनला बाहेर येत असतो ना, तर रोज चारला बोलता आलं असतं. आई बोलायची तसं. सगळं अडलंय त्या चाकापाशी.

माणसाला एकटेपणाचं कारण हातात धरता येईल एवढं मिळालं की तो ते सोडत नाही. निरंकभाऊंनी तक्रार लिहिली. साहेब म्हणाले, बघू. दुसरी लिहिली. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने यंत्र परत मागवलं, तपासलं, ‘दोष आढळला नाही, नोंद एका सेकंदात जतन होते’ असं पत्र जोडून परत पाठवलं. निरंकभाऊंनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या तक्रारीनंतर कोरं करकरीत दुसरं यंत्र आलं. त्याचंही चाक पंचेचाळीस सेकंद फिरलं. तेव्हा त्यांनी चौथं पत्र लिहिलं, आणि तीस वर्षांत प्रथमच कागदावर जरा आवाज चढवला. ‘आपल्यापैकी कोणीतरी एकदा माझ्याबरोबर आत येऊन पाहावे.’

आणि खरंच कोणीतरी आलं.

बुधवारी अकराला फाटकापाशी एक इंजिनियर बाई उतरल्या. पस्तिशीच्या, पाठीला पिशवी, पायांत ओल्यात चालायचे बूट. यंत्राच्या आतला प्रोग्राम यांनीच लिहिलेला. निरंकभाऊंनी आदल्या दिवशी दुसरं हेल्मेट पुसून ठेवलं होतं. थर्मासमध्ये दोघांपुरता चहा होता, आणि कपाटातल्या मागच्या रांगेतून दुसरा मग काढून, घासून, फडक्यात गुंडाळून आणला होता. तो मग दोन वर्षांत बाहेर निघाला नव्हता.

“अकरा वर्षांत आत कुणी आलं नाही, मॅडम. साहेबसुद्धा दारापर्यंतच.”

“मॅडम नको हो काका. चला, दाखवा तुमचं चाक.”

निरंकभाऊ त्या दिवशी एवढं बोलले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. चौथी तबकडी नेहमी धुक्याने भरलेली, तिला बाहीने पुसावं लागतं. अठरावीला ते रडकी म्हणतात, कारण वरून थेंब गळतो तो नेमका मानेवर. अठ्ठ्याऐंशीव्यापाशी एक कोळी राहतो, बघू आज भेटतो का. बाई हसत होत्या, विचारत होत्या. मागून दुसऱ्या कुणाच्या बुटांचा आवाज येतोय, या एवढ्याशा गोष्टीने निरंकभाऊंची चाल बदलली होती.

पहिल्या तबकडीला बाईंनी घड्याळ लावलं. पंचेचाळीस सेकंद. दुसरीला पंचेचाळीस.

“द्या बघू, मी करते.”

बाईंनी आकडा टाकला, बटण दाबलं. चाक उमटलं न उमटलं तोच नाहीसं झालं. एक सेकंद.

निरंकभाऊ बघतच राहिले. “तुमच्या हाताला ओळखतं वाटतं.”

“आता तुम्ही.”

पंचेचाळीस. पुन्हा बाई. एक. असं चारपाच वेळा झालं. निरंकभाऊंना आता मनातून लाज वाटायला लागली होती. कुत्र्याने पाहुण्यापुढे शेपूट हलवावं आणि मालकावर गुरगुरावं, तसला प्रकार. रडक्या तबकडीशी बाई म्हणाल्या, “काका, आता हळूहळू करा. मला तुमचा अंगठा बघायचाय.”

त्यांनी आकडा टाकला. खालच्या रकान्यावर गेले. ‘निरंक’ टाकलं. बटणाकडे वळले.

“थांबा. हे काय लिहिलंत?”

“शेरा.”

“पण इथे काही झालेलं नाहीये ना?”

“नाही. म्हणून तर निरंक.”

“प्रत्येक ठिकाणी लिहिता?”

“प्रत्येक.” हे सांगताना त्यांचा आवाज थोडा ताठ झाला. “कोरा सोडत नाही कधी.”

बाई मोठ्याने हसल्या. त्यांचा काही दोष नाही. चार महिने छळणारं कोडं सुटलं की हसू येतंच. मग त्यांनी भिंतीला टेकून समजावून सांगितलं. शेरा म्हणजे धोक्याची बातमी, असं यंत्र धरून चालतं. रकाना कोरा असेल तर नोंद मुकाट्याने जतन. त्यात एक अक्षर जरी असेल तर यंत्राला वाटतं, भिंतीला काहीतरी झालंय, ऑफिसला ताबडतोब कळवलं पाहिजे. ते हाका मारायला लागतं. बोगद्यात रेंज नाही. पंधरा सेकंद हाक मारतं, उत्तर नाही. पुन्हा पंधरा. पुन्हा पंधरा. तीन वेळा करून थकतं, आणि मग जतन करतं.

“बाकीच्या धरणांवर कुणी लिहीतच नाही काही. आम्ही तपासताना रकाना कोराच ठेवायचो. आमच्या डोक्यातच आलं नाही की कुणी ‘काही नाही’ असंसुद्धा लिहील.”

“मग हे सगळे निरंक जायचे कुठे?”

“तुम्ही बाहेर आलात की एकदम ऑफिसात पोचत असणार. रोज एकशे चौसष्ट.” त्यांना काहीतरी आठवलं. “हां, तिथला कारकून म्हणाला होता मला. त्याने या सूचनांचा आवाज बंद करून ठेवलाय म्हणे. ते सगळे तुम्हाला निरंकभाऊ का म्हणतात ते आज कळलं.”

निरंकभाऊंना वाटत होतं, हे नाव आपल्या स्वच्छ कामावरून पडलंय.

“कोरा ठेवला तर मी तिथे गेलो होतो हे कुणाला कसं कळणार?” त्यांनी विचारलं.

“वेळ पडते ना आपोआप. सेकंदासकट. तुम्ही उभे होता हे यंत्राला माहीत असतं, काका.” मग बाई धीर दिल्यासारखं म्हणाल्या, “तरी मी प्रोग्राम बदलते. आधी जतन करायचं, हाका नंतर मारायच्या. दोन ओळींचं काम आहे. खरं तर तेव्हाच करायला हवं होतं मी.”

“म्हणजे पहिल्या दिवसापासून असंच होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

बाईंच्या दृष्टीने काम फत्ते झालं होतं. पुढच्या तबकड्या त्यांनी जवळपास पळतच केल्या. रकाना कोरा, बटण, एक सेकंद, पुढे. अठ्ठ्याऐंशीव्यापाशी कोळी होता, पण निरंकभाऊंनी तो दाखवला नाही. ते मनातल्या मनात गुणाकार करत होते. दोन तास. वर्षाचे तीनशे दिवस. बायको होती ती नऊ वर्षं. पाच हजार चारशे तास. त्याचे दिवस करायला त्यांना शेवटच्या वळणापर्यंत वेळ लागला. दोनशे पंचवीस. रात्र धरून, झोप धरून, सबंध दोनशे पंचवीस दिवस ती दोन खोल्यांत त्यांची वाट बघत बसली होती, आणि ते इथे, ओल्या भिंतीसमोर, काही नाही, काही नाही, असं लिहीत उभे होते. यंत्र बिचारं हाका मारत होतं. ते मात्र अकरा वर्षं त्यालाच शिव्या घालत होते.

तीनला पाच मिनिटं कमी असताना दोघं बाहेर आली. बाईंनी घड्याळ बघितलं आणि त्या खूश झाल्या. साडेतीनची बस मिळत होती.

“चहा आहे,” निरंकभाऊ म्हणाले.

“पुढच्या वेळी नक्की, काका.”

पुढची वेळ येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. यंत्राचं कोडं सुटलं होतं. बाई गेल्या. निरंकभाऊंनी फडक्यातला मग तसाच पिशवीत परत ठेवला, आणि राखणदाराने न विचारता दिलेला फोन घेऊन ते फाटकाबाहेरच्या बाकावर बसले.

गुरुवारी ते एकटे आत गेले. प्रत्येक तबकडीला अंगठा आपसूक खालच्या रकान्यावर जायचा आणि ते तो मागे ओढून घ्यायचे. कोरा रकाना सोडून पुढे पाऊल टाकताना मानेवरचे साहेब कुरकुरत. तरी सव्वातीनला ते बाहेर होते. बाकावर बसून त्यांनी फोन मांडीवर ठेवला. चार वाजले. सव्वाचार झाले. फोन वाजला नाही. वाजणार कसा? तिकडे कुणाला काय ठाऊक, की इथे एक माणूस सुटून आलाय? हे त्यांना साडेचारला उमगलं, आणि स्वतःच्या खुळेपणाचं हसूही आलं नाही.

शुक्रवारी त्यांनी स्वतः लावला. बरोबर चारला.

“बाबा? काय झालं?”

“कुठे काय?”

“आज मंगळवार नाही.” मागे बायकांच्या हसण्याचा आवाज होता, चमच्यांचा होता. मग तो लांब गेला, ती बाजूला झाली असावी. “बरं आहे ना सगळं? पडलाबिडला नाहीत ना?”

“नाही गं. मशीन फास्ट झालं. लवकर सुटतो आता. म्हटलं, रोज लावत जावा.”

“अच्छा.”

“तू काय म्हणतेस?”

“काही नाही. तुम्ही?”

“माझं काय. काही नाही.”

निरंकभाऊंना मनात तो शब्द ऐकू आला, भारदस्त, कागदी. तीस वर्षं त्यांनी भिंतीबद्दल जे लिहिलं तेच आता लेकीला सांगत होते.

“आईशी काय बोलायचीस गं एवढं?” त्यांनी विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं.

“असंच. काहीही.” ती जरा घुटमळली. “तुम्ही उशिरा यायचात ना. ती एकटी असायची तोवर. म्हणायची, दुपार ढकलता ढकलवत नाही. म्हणून तर मी सुट्टीत फोन करायला लागले. तेवढीच सोबत तिला.”

निरंकभाऊंच्या हातातला फोन गरम झाला होता. उशीर कशाने व्हायचा ते आत्ता सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बरं, ठेवू?” लेक म्हणाली.

“ठेव.”

पडद्यावर आलं, एक मिनिट आठ सेकंद.

घरी जाऊन त्यांनी चहा केला आणि तो प्यायला विसरले. म्हणजे तो चारचा फोन, ज्याच्यासाठी त्यांनी चार पत्रं लिहिली, तो लेकीचा लाड नव्हता. त्यांनीच घरात पाडलेलं भोक ती मुलगी रोज वीस मिनिटं हाताने झाकून धरत होती. आई गेली, भोक राहिलं नाही, फोनही राहिला नाही. यात तिचं काय चुकलं? आणि आज आपण तिला काय दिलं? तब्येत. मंगळवारची तब्येत शुक्रवारी दिली, एवढाच फरक.

माळ्यावर एक जुनी, न वापरलेली वही पडली होती. वह्या बंद झाल्या तेव्हा शिल्लक राहिलेली, धूळ खात. शनिवारी ती काखेत मारून ते बोगद्यात शिरले. राखणदाराने वहीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

यंत्रात रकाना कोरा ठेवायचा, बटण दाबायचं. मग वही भिंतीला टेकवून शेरा लिहायचा. चौथ्या तबकडीला त्यांनी लिहिलं, ‘धुकं. तू लहान असताना आरशावर वाफ सोडून नाक काढायचीस.’ रडकीला लिहिलं, ‘मानेवर थेंब. हिला मी रडकी म्हणतो. आईला सांगितलं होतं, तिने तुला सांगितलं का ठाऊक नाही.’ चाळीसला, ‘गुडघा इथे दुखायला लागतो. डॉक्टरकडे गेलो नाही. मंगळवारी बरा आहे म्हणालो ते खोटं.’ अठ्ठ्याऐंशीला कोळ्याबद्दल सहा ओळी झाल्या. काही तबकड्यांना खरंच काही नव्हतं. तिथे त्यांनी रकाना कोरा ठेवला, आणि साहेब या वेळी फारसे कुरकुरले नाहीत.

एकशे त्रेसष्टाव्यापाशी ते खूप वेळ उभे राहिले. इथे काय लिहायचं ते त्यांना काल संध्याकाळपासून ठाऊक होतं. लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. त्यात एक वाक्य होतं ते फार सोज्वळ वाटलं, तेही खोडलं. शेवटी तीन ओळी राहिल्या. शेवटची तबकडी उरकून बाहेर उजेडात आले तेव्हा त्यांना वाटत होतं, सव्वातीन झाले असतील.

राखणदार खण उघडूनच बसला होता.

“वाजत होता,” तो म्हणाला. आणि मग, त्याच्या मानाने हे भाषणच झालं, “दोनदा. चारला एकदा आणि आत्ता एकदा.”

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनवर लेकीचं नाव होतं, त्यापुढे कंसात दोनचा आकडा. निरंकभाऊ बाकापर्यंत गेले नाहीत. तिथेच फाटकाच्या खांबाला टेकून त्यांनी फोन लावला. पहिली घंटा पूर्ण व्हायच्या आत तिने उचलला.

“बाबा, कुठे होता? तुम्ही म्हणालात ना लवकर सुटता. मी आज मुद्दाम...”

“लिहीत होतो. तुला सांगायचं लिहून आणलंय. वाचू का?”

“लिहून?” तिच्या आवाजात हसू यायचं होतं, पण ते अर्ध्यावर राहिलं. “वाचा.”

त्यांनी धुकं वाचलं. रडकी वाचली. रडकी तिला माहीत होती, आईने सांगितलं होतं. गुडघ्याला ती चिडली. कोळ्याला तिने दोन प्रश्न विचारले. तिच्या सुट्टीची सहा मिनिटं अशी गेली. मग निरंकभाऊंनी पानं उलटली आणि एकशे त्रेसष्टाव्यापाशी आले. चष्मा वर सरकवला.

“‘मशीन स्लो नव्हतं,’” ते वाचायला लागले. “‘मी दर ठिकाणी काही नाही असं लिहीत होतो, म्हणून उशीर व्हायचा. न लिहिता साडेतीनला घरी येता आलं असतं. आई नऊ वर्षं रोज दोन तास एकटी बसली ती माझ्यामुळे.’”

पलीकडून काही आलं नाही. बायकांचं हसणं नाही, चमचे नाहीत, ती कुठे उभी आहे तेही कळेना. फोन कानाला होता, आकडे पुढे सरकत होते, म्हणजे तिने ठेवला नव्हता. दहा सेकंद झाले. वीस झाले. राखणदाराने खण हळूच बंद केला.

निरंकभाऊ वही छातीशी धरून थांबले. पंचेचाळीस सेकंद थांबायची त्यांना सवय होती.